सण आणि सुटी : मराठीतील नाताळ व मावळचा परिसर

१

सणाचा माणसांवर व त्यांच्या परिसरावर काय परिणाम होतो, ह्या प्रश्नाचा विचार सामान्यतः समाजशास्त्राकडे सोपविला जातो. परंतु वाङ्मयसमीक्षेलाही त्यात स्थान आहे. सण हा मूलतः एखाद्या कथेचा वर्षातून एकदा होणारा पुनरुच्चार असतो. ती कथा ज्या भाषेत सांगितली जाते त्या भाषेतील वस्तू, ऋतू आणि नाती तिच्यात शिरतात, आणि हळूहळू तो परिसरच कथेचा भागीदार होतो. कथा मागे राहून नुसता दिवस पुढे आला, तर त्याची सुटी होते. सुटीचाही परिसरावर परिणाम होतोच, पण तो निराळ्या जातीचा असतो.

हा भेद मराठी प्रदेशात नाताळच्या बाबतीत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्य कोणत्याही सणाच्या बाबतीत क्वचितच दिसेल. एका बाजूस सतराव्या शतकापासून ख्रिस्तजन्माची कथा मराठीत सांगणाऱ्या ग्रंथकारांची परंपरा आहे, आणि तिच्या आधाराने सण पाळणारी वसई, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांसारखी स्थळे आहेत. दुसऱ्या बाजूस मुंबई व पुणे यांच्यामधला मावळ आहे. त्यातील कामशेत व भोवतालची खेडी यांना नाताळ ओळखीचा आहे तो मुख्यतः सुटीच्या रूपाने. ह्या दोन्ही नाताळांची तुलना केल्यास सणाच्या परिणामाविषयी काही निश्चित विधाने करता येतात.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. 'नाताळ' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'जन्मासंबंधीचा' असा आहे. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार ह्या शब्दांबरोबरच तो मराठीत रुळला आणि त्यांच्याइतकाच घरचा झाला. हिंदुस्थानीने ह्याच दिवसाला 'बडा दिन' म्हटले. त्या नावात दिवसाचा थाट आहे, पण जन्माचा उल्लेख नाही. मराठी नावात जन्म आहे, पण मराठी कानाला तो ऐकू येत नाही. तो ऐकू आणून देणे हेच मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे कार्य होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२

त्या कार्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ने झाला. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला, साष्टीच्या मुलखात राहिला व १६१९ मध्ये मरण पावला. त्याचा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्यात साडेदहा हजारांहून अधिक ओव्या असून त्याचे 'पहिले पुराण' व 'दुसरे पुराण' असे दोन भाग आहेत. ख्रिस्ताचा जन्म व चरित्र हा दुसऱ्या पुराणाचा विषय होय. देवनागरीत हा ग्रंथ सामान्य मराठी वाचकास उपलब्ध झाला तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून काढलेल्या आवृत्तीमुळे.

स्टीफन्सचे भाषाप्रभुत्व व त्याने केलेली मराठीची स्तुती ह्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने स्वीकारलेला पुराणाचा घाट. पुराणात वक्ता असतो, श्रोते असतात, आणि श्रोत्यांना शंका विचारण्याचा अधिकार असतो. स्टीफन्सच्या श्रोत्यांना हा अधिकार आहे, आणि पाद्री त्यांच्या शंकांचे निरसन करतो. त्यामुळे बेथलेहेमची घटना साष्टीच्या माणसांना परक्या मुलखातील वृत्तांत म्हणून ऐकावी लागत नाही. ती त्यांच्यासमोर, त्यांच्या प्रश्नांच्या अनुरोधाने, त्यांच्या परिचयाच्या छंदात उलगडत जाते. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये ह्या ग्रंथाचे वाचन होत असे. ही प्रथा मराठी प्रदेशातील पोथीवाचनाशी किती जवळची आहे हे निराळे सांगावयास नको.

तथापि ह्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्याच्या पार्श्वभूमीकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. ग्रंथारंभीच्या संवादात एक श्रोता पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ह्या एका प्रश्नात तत्कालीन गोव्याचा सर्व इतिहास आला आहे. गोव्यात धर्मन्यायसभा १५६० मध्ये स्थापन झाली होती, आणि जुने ग्रंथ व जुने उत्सव यांवर राज्यसत्तेचा हात पडला होता. 'क्रिस्तपुराण' हे अशा रीतीने सक्तीने मोकळ्या केलेल्या जागेवर उभे आहे. त्याचे सौंदर्य त्यामुळे नाहीसे होत नाही, पण ते निर्मळ आनंदाचे सौंदर्य आहे असेही म्हणता येत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, तेव्हा जे राज्य लोकांना त्यांच्या भाषेतील कथा देत होते तेच ती भाषा हिरावून घेण्यास प्रवृत्त झाले. सणाचा परिसरावर होणारा परिणाम ठरविताना सण कोणाच्या सत्तेखाली आला हे पाहावे लागते, ही गोष्ट स्टीफन्सच्या ग्रंथावरून शिकावयाची आहे.

३

सक्तीच्या ह्या सावलीतून मुक्त असा दुसरा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या परिसरात झाला. तेथे १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, आणि शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू झाली. कीर्तनकार उभा राहून ख्रिस्तजन्माचे आख्यान लावतो, मागे टाळ-मृदंग वाजतात, पूर्वरंग होतो, उत्तररंग होतो. विषय नवा असला तरी गावकऱ्यांची बसण्याची, ऐकण्याची, डोलण्याची रीत जुनीच राहते. नवा सण जुन्या सवयींचा आधार घेऊन कसा रुजतो, त्याचे हे बोलके उदाहरण होय.

ह्या परंपरेस श्रेष्ठ काव्याचे रूप दिले ते नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. हे विधान बहुधा टिळकांच्या धर्मविचाराच्या संदर्भात उद्धृत केले जाते. परंतु ते त्यांच्या रचनेविषयीचेही विधान आहे. टिळकांनी प्रार्थनेसाठी अभंग निवडला म्हणजे एक छंद निवडला एवढाच त्याचा अर्थ नव्हे. अभंगाबरोबर देवाशी भांडण्याची, रुसण्याची, त्याला माउली म्हणण्याची सगळी रीतही आली. इंग्रजी चालीवर बेतलेल्या भाषांतरित गीतांत जो देव राजासारखा दूर बसलेला होता, तो अभंगात अंगणापर्यंत आला.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुरे केले. ज्या बाईने पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे सोवळेओवळे सोडले नव्हते आणि ज्या मनःस्थितीचा प्रांजळ वृत्तांत 'स्मृतिचित्रे'मध्ये दिला, तिनेच ख्रिस्तचरित्राचा मोठा भाग मराठी पद्यात लिहावा, ह्यात सणाच्या परिणामाचे मर्म साठविलेले आहे. हा परिणाम एका दिवसात घडत नाही. स्वयंपाकघर, विहीर, पंक्ती, शेजार ह्यांतून तो सावकाश मुरत जातो.

येथे एक भौगोलिक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. टिळकांचा सेतू ज्या तुकारामाचा, त्याची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते, कामशेतवरून वाहत देहूस व आळंदीस जाते, आणि पुढे तुळापुरास भीमेस मिळते. म्हणजे ज्या वाणीच्या आधाराने मराठीत ख्रिस्तजन्माचे गीत घरचे झाले, त्या वाणीचे खोरे मावळातच सुरू होते. मावळाला ती कथा भाषेच्या अंगाने दुष्प्राप्य होती, असे म्हणता येणार नाही.

४

कथेतील वस्तूंकडे पाहिल्यास हेच अधिक ठळकपणे प्रत्ययास येते. लूकच्या शुभवर्तमानातील जन्मवृत्तात वस्तू मोजक्याच आहेत. प्रवासाला निघालेले दांपत्य, जागा नसलेली धर्मशाळा, जनावरांच्या चाऱ्याचे पात्र, बाळाला गुंडाळण्याचे कापड, रात्री कळपाची राखण करणारे मेंढपाळ. मराठी बायबलाच्या प्रचलित भाषांतरात ह्यांना 'उतारशाळा', 'गव्हाणी', 'बाळंते' असे शब्द योजलेले आहेत. ह्या शब्दांची निवड थोर आहे. 'गव्हाणी' म्हणताच गोठ्याचा उबारा, कडब्याचा वास आणि रवंथ करणाऱ्या जनावरांचा आवाज मराठी वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. 'बाळंते' हा शब्द तर बाळंतिणीच्या खोलीतलाच आहे. देवपुत्राच्या जन्माचे वर्णन करताना भाषांतरकारांनी संस्कृत कोशाकडे न पाहता सुईणीच्या तोंडचा शब्द उचलला, ही त्यांची वाङ्मयीन जाण होय.

पुणे जिल्ह्यातच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपूर्वी पूर्णत्वास गेले. संस्कृतात निष्णात असलेल्या ह्या विदुषीने साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला, हेही त्याच जाणिवेचे द्योतक आहे. केडगाव आणि कामशेत ही एकाच लोहमार्गावरील स्थानके आहेत. एकाच्या आवारात ख्रिस्तजन्माची कथा अनाथ मुली व विधवा ह्यांच्या बोलीत उतरत होती, आणि दुसऱ्यावरून नाताळची सुटी घेऊन निघालेल्यांच्या गाड्या जात होत्या.

कथा भाषेत उतरली की ती घरातही उतरते. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळपूर्वी गोठ्याचा देखावा मांडला जातो. ही प्रथा १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने मांडलेल्या देखाव्यापर्यंत मागे नेता येते, पण वसईचा गोठा तेथल्याच गवताने शाकारला जातो. अहमदनगरकडील ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात, आणि त्यांची ताटे शेजारच्या हिंदू व मुसलमान घरी जातात. दिवाळीत ज्या आकाशकंदिलाला चांदणीचा आकार दिला जातो, तोच नाताळला पूर्वेच्या ताऱ्याचा अर्थ घेऊन दारावर चढतो. परिसरावर सणाचा परिणाम झाला तो असा. आणि परिसराचाही सणावर तितकाच झाला.

५

आता मावळकडे वळू गेल्यास चित्र पालटते. कामशेत हे नाणे मावळ व पवन मावळ ह्यांच्या तोंडाशी वसलेले गाव आहे. भातशेती हा ह्या भागाचा प्राण असून 'इंद्रायणी' ह्या नावाने घरोघरी गेलेला तांदूळ वडगाव मावळच्या संशोधनकेंद्रात निपजला. डिसेंबरच्या अखेरीस येथील भातकापणी व झोडणी आटोपलेली असते, खळी मोकळी झालेली असतात, अंगणात पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात, आणि ओलाव्यावर टाकलेला हरभरा वा मसूर शेतात दिसू लागतो. रात्री थंडी पडते. देशावरून कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे ह्याच ऋतूत घाटमाथा ओलांडतात, आणि वाटेतल्या मोकळ्या रानात रात्रभर मेंढरे राखीत बसतात. पेंढा, गोठा, गव्हाण, थंड रात्र, जागे मेंढपाळ : लूकच्या कथेला लागणारी सामग्री ह्याहून पूर्ण क्वचितच कोठे सापडेल.

परंतु मावळात जो नाताळ आला त्याने ह्यांतल्या कशासही हात लावला नाही. उपाहारगृहांच्या दर्शनी भागात सूचिपर्णी वृक्षाची प्लास्टिकची प्रतिकृती उभी राहते, तिच्यावर कापसाचे हिम चिकटविले जाते, आणि लाल झग्यातला नाताळबाबा घसरगाडीवरून येतो. ह्यांपैकी बेथलेहेमच्या कथेत काहीच नाही. हिम, सदाहरित वृक्ष, मेजवानी व भेटवस्तू ह्यांनी भरलेले नाताळचे हे रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात घडले, आणि डिकन्सच्या १८४३ मधील 'ए ख्रिसमस कॅरल' ह्या कथेने त्याला लोकमान्यता दिली. त्या थंड देशात हे प्रतीकविश्व सार्थ होते, कारण तेथेही लोकांनी कथेला आपल्या परिसराचा पोशाख चढविला होता. मावळात तो पोशाख तेवढा आला, आतली कथा आली नाही. अनुकरणाचा दोष असा की, इंग्रजांनी जे केले त्याची रीत न घेता त्यातून निघालेली वस्तू मात्र घेतली गेली. ती रीत घेतली असती, तर कापसाच्या जागी पेंढा आला असता.

लोणावळे-खंडाळ्यास चर्चे आहेत, ख्रिस्ती कुटुंबे आहेत, आणि त्यांचा सण अर्थातच ह्या टीकेच्या कक्षेबाहेर आहे. येथे प्रश्न आहे तो बाजारातल्या नाताळचा.

६

हा नाताळ मावळात आला कसा, हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप उलगडते. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला. मुंबईच्या कचेऱ्या व न्यायालये नाताळात बंद राहू लागली तशी घाटमाथ्याची हवा खाण्याची चाल पडली. ह्या सुटीने केवळ विलासाला वाव दिला असे मात्र समजू नये. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबर अखेरीस मुंबईस भरले, आणि वकील व शिक्षक ह्यांना मोकळीक मिळणारा हा आठवडा पुढे कित्येक वर्षे अधिवेशनांचा आठवडा राहिला. महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले तो दिवसही २५ डिसेंबरच होता, साल १९२७. म्हणजे परक्या सणाच्या सुटीत आपला आशय भरण्याची शक्ती मराठी समाजात होती. सुटी स्वभावतः रिकामी असते, आणि तिच्यात काय भरावयाचे हे ती घेणाऱ्यावर अवलंबून राहते.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि कामशेतचे बोगदे त्या मार्गाच्या प्रवाशांना परिचित झाले. तेव्हापासून मुंबईकर व पुणेकर ह्यांना मावळ हे दोन तासांच्या आतले ठिकाण वाटू लागले. पवना धरणाच्या काठी तंबूंची वस्ती, कामशेतच्या टेकड्यांवरून छत्रीने तरंगण्याचा खेळ, शेतांच्या तुकड्यांवर उभे राहिलेले बंगले, हा त्याचा विस्तार होय. नाताळ ते नववर्ष ह्या आठवड्यात घाटात वाहनांची रांग लागते, पाण्याकाठी शेकोट्या व ध्वनिक्षेपक चालू असतात, आणि सकाळी बाटल्या व पत्रावळी तेथेच राहतात.

ह्या बदलाचा नुसता निषेध करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाला ह्या आठवड्यात मिळणारी मजुरी, भाडे वा भाकरी-पिठल्याचे पैसे ही खरी प्राप्ती असते. प्रश्न मिळकतीचा नसून नात्याचा आहे. वसईत ज्याच्या घरी करंजीचे ताट येते तो शेजारी सणाचा अतिथी असतो. मावळात ज्याच्या शेतात तंबू लागतो तो मावळा सणाचा रखवालदार असतो. तो पाणी भरतो, लाकडे फोडतो, रात्री जागतो, आणि हा उत्सव नेमका कशाचा, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगावयाचे म्हटले तरी सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही ते सांगता येणार नाही. उतारशाळेत जागा नव्हती ह्या वाक्यापासून जी कथा सुरू होते, तिच्या नावाने साजरा होणाऱ्या आठवड्यात सगळ्या उतारशाळा भरून जातात, आणि रात्री थंडीत जागे राहणारे बाहेर असतात, ह्या विरोधाकडे कोणाचे लक्ष जात नाही. कथा असती तर ते गेले असते.

७

परका पाहुणा मावळाला नवा नाही. कामशेत स्थानकावरून बेडशाच्या लेण्यांस जातात, आणि जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. हे लोक व्यापारी मार्गाने ह्या घाटमाथ्यावर आले. त्यांनी आपली दाने नोंदविली ती ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत, म्हणजे ज्या प्रदेशात ते आले त्या प्रदेशाच्या वाणीत. जवळजवळ दोन सहस्र वर्षांनंतरही त्यांची आठवण दगडावर शिल्लक आहे, कारण ते येथे काही देऊन गेले आणि जे दिले ते येथल्या भाषेत सांगून गेले. स्टीफन्स हाही परकाच होता, आणि त्याच्यामागे सत्तेचा कलंक उभा होता. तरीही त्याचा ग्रंथ टिकला तो ह्याच गुणामुळे. लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे. त्यामुळे पाहुण्यांची संख्या ह्यापुढे वाढेल, हे उघड आहे. ते येथे कोणत्या नात्याने येतील, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा होतो.

सारांश, नाताळचा परिणाम असा एकसारखा नाही. जेथे ख्रिस्तजन्माची कथा ओवीत, अभंगात, कीर्तनात व 'गव्हाणी'सारख्या शब्दांत उतरली, तेथे सणाने माणसामाणसांत देवाणघेवाण निर्माण केली, आणि परिसराने सणाला आपले रूप दिले. जेथे ती उतरली नाही, तेथे दिवसाने रस्ते, बाजार व जमिनीचे भाव बदलले, परंतु माणसांच्या मनांत व बोलीत काहीच ठेवले नाही. मावळात धर्मप्रसार व्हावा असा ह्याचा अर्थ नाही. शेजाऱ्याच्या सणाची कथा माहीत असणे आणि त्याचा धर्म स्वीकारणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिवाळीचा कंदील ख्रिस्ती दारावर चढला तेव्हा कोणी धर्म बदलला नाही. मावळातील शाळांतून व ग्रंथालयांतून टिळकांचे अभंग, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' व स्टीफन्सच्या ओव्या वाचल्या गेल्या, तर डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्याला यजमानाकडून ऐकण्यासारखे काहीतरी मिळेल. आजवर ह्या व्यवहारात मावळाने जागा दिली, पाणी दिले, श्रम दिले. त्याला आपल्या भाषेतील कथाही देता येईल, आणि ती देणारा रखवालदार राहणार नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास केवळ एका समाजाच्या वाङ्मयाचा अभ्यास म्हणून बाजूस ठेवण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिचा फेरविचार ह्या दृष्टीनेही व्हावयास हवा.